देवाचा पलंग

'लवकर निजे, लवकर उठे' ही म्हण ज्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतली, त्यांनी तिचा पहिला अर्धा भाग स्वतः कधी मनावर घेतला नाही. सगळा भर उठण्यावर. निजणं म्हणजे आळस, जागणं म्हणजे पुण्य. हरितालिकेला जागा, कोजागिरीला जागा, परीक्षेला तर जागाच. कुंभकर्ण एवढा मोठा योद्धा, पण त्याचं नाव निघतं ते घोरण्यावरूनच.

या संस्काराची बळकट माणसं आमच्या पवईच्या सोसायटीत पुष्कळ आहेत. विमानतळ जवळ असल्यामुळे इथे वैमानिकही राहतात. आमच्या वरच्या मजल्यावर एक कॅप्टन आहेत. त्यांच्या दारावर पाटी असते : 'झोपलो आहे. बेल वाजवू नये.' ती सकाळी अकरा वाजताही असते, याचं शेजारच्या निवृत्त काकांना फार दुःख.

"धडधाकट माणूस आणि भरदिवसा लोळतो! एवढा पगार घेतो कशाचा?"

"झोपेचाच, काका," मी म्हटलं.

काकांना ते रुचलं नाही. ते स्वतः दोन ते चार झोपतात, पण तिला वामकुक्षी म्हणतात. संस्कृत नाव दिलं की आळससुद्धा सोवळ्यात येतो.

मी मात्र थट्टा करत नव्हतो. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण चौकशीत ऐकलं, तर त्यात कॅप्टनचं घोरणं होतं. दीड तासाहून जास्त वेळ ते झोपले होते. उतरण्याआधी जागे झाले खरे, पण डोळे उघडले म्हणून डोकं लगेच उघडत नाही. विमान फार उंचावरून येत होतं, सहवैमानिक ते पुन्हा वर घ्यायला सांगत होता, आणि कॅप्टन उतरवतच राहिले.

मग झोपूच द्यायचं नाही का? तसंही नाही. लांबच्या प्रवासात जादा वैमानिक असतात, पाळीपाळीने झोपतात. मोठ्या विमानांत त्यांच्यासाठी वेगळे बिछाने असतात. शिवाय एकाने जागं राहायचं आणि दुसऱ्याने खुर्चीतच डुलकी काढायची, अशीही रीतसर सोय आहे. ८ ऑगस्ट २०१४ ला मुंबईहून ब्रसेल्सला जाणारं जेट एअरवेजचं विमान तुर्कस्तानवर सुमारे पाच हजार फूट खाली आलं, तेव्हा कॅप्टन अशीच रीतसर डुलकी घेत होते. जागं राहायचं ते सहवैमानिक टॅबलेटमध्ये गुंतले होते. सुदैवाने कोणाला काही झालं नाही.

पण आपण थकलोय, हे वैमानिकाने ओळखायचं तरी कसं? थकवा मोजायचं यंत्र म्हणजे त्याचं डोकं, आणि थकलेलं असतं नेमकं तेच. 'मला मुळीच चढलेली नाही' असं ठासून सांगणाऱ्याला आपण गाडीची किल्ली देत नाही. 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्या वैमानिकाचं मात्र कौतुक करतो.

पंढरपूरला हे फार पूर्वी ओळखलंय. आषाढी जवळ आली की विठ्ठलाचा पलंग काढतात. शेजारती बंद, दर्शन चोवीस तास. देव उभाच. उभं राहून पाठ अवघडेल म्हणून मागे लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालून शिणवटा काढतात, रात्री काढा देतात, मग पलंग परत येतो. अठ्ठावीस युगं उभ्या असलेल्या देवालासुद्धा 'थकलात का?' असं कोणी विचारत नाही. तो थकलाच असणार, हे धरून चालतात. आणि हे सगळं माणसंच करतात. मला यातलं हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं.

वैमानिकांचा पलंग आपण नुकताच पाहिला. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने नियम जाहीर केले : आठवड्याची विश्रांती ३६ तासांऐवजी ४८, आणि रात्रीच्या वेळी विमान उतरवायचं ते सहाऐवजी दोनदाच. नोव्हेंबर २०२५ पासून ते पुरते लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोचे वैमानिक पुरेनात, हजारो उड्डाणं रद्द झाली. कोणाचं लग्न चुकलं, कोणाची मुलाखत. त्यांचा संताप मला समजतो. तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळूनही कंपनीला गणित जमलं नाही, हे समजत नाही. शेवटी कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. म्हणजे गर्दी वाढली, म्हणून पलंग परत बाहेर.

त्या आठवड्यात आमच्या जिन्यात विमानकंपन्यांवर, सरकारवर, वैमानिकांच्या नखऱ्यांवर पुष्कळ चर्चा झाली. काकांचा मुलगा बंगलोरला अडकला होता, त्यामुळे त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःचंही तिकीट काढलं, पहाटे तीनचं, कारण ते नऊशे रुपयांनी स्वस्त होतं. अर्ज भरायला मला बोलावलं. नाव, वय, खिडकी की कडेची जागा, जेवण शाकाहारी की मांसाहारी, असं सगळं विचारून झालं. वैमानिक झोपलेला हवा की न झोपलेला चालेल, असा रकाना काही त्यात नव्हता.