ज्याने ठरवले, तो कुठे आहे?

दिग्रस, दारव्हा, पुसद हा सगळा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नेमलेली नियोगी समिती हा आपल्याकडे नुसता परप्रांताचा इतिहास नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी हा तिचा विषय होता. भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश तिचे अध्यक्ष. समिती १४ जिल्ह्यांत फिरली, ११ हजारांहून अधिक लोकांना भेटली आणि १९५६ साली तिने अहवाल दिला. धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य काम आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, पूर्णपणे स्वेच्छेने न झालेल्या धर्मांतराला कायद्याने बंदी करावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्या वेळी बौद्ध झालेल्यांत हेच नियोगी होते.

ही गोष्ट सांगून नियोगींना दुटप्पी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. स्वतःच्या बुद्धीने, उतारवयात, कुणाच्या दबावाशिवाय माणूस धर्म बदलू शकतो, हे त्यांना स्वतःच्या बाबतीत पक्के ठाऊक होते. प्रश्न इतकाच की खेड्यातल्या निरक्षर माणसाला तो निर्णय तितक्याच सहजतेने आपला म्हणता येईल, असे अहवालाने धरले होते का? माझे म्हणणे याच जागी सुरू होते. धर्मांतरावरच्या आपल्या सगळ्या वादांत दोन पक्ष ठळक असतात : धर्म देणारा आणि ज्याचा माणूस गेला तो समाज. ज्याने ठरवले तो मध्ये कुठेतरी हरवतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा स्टॅनिस्लॉस खटल्यातला निकालही याच बाजूने बोलतो. राज्यघटनेच्या २५व्या कलमातल्या प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ठीक आहे. पण तो प्रचारकाच्या हक्काविषयीचा निकाल झाला. स्वतःहून धर्म बदलणाऱ्याच्या हक्काचे काय, यावर त्यात फारसे काही सापडत नाही.

हा हरवलेला माणूस जवळून पाहायचा तर मराठीत लक्ष्मीबाई टिळकांसारखा साक्षीदार दुसरा नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक नागपूरला नोकरीला होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नाही. लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात वाढलेल्या; नवरा बाटला ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांच्यासाठी तो जिवंतपणी मेल्यासारखा झाला. दोघे काही वर्षे वेगळे राहिले, मुलगा कुणाकडे राहायचा यावरून ओढाताण झाली. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, पण हिंदू म्हणूनच. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, शिवाशीव पाळायची. एका संसारात दोन चुली, आणि त्यांतली एक ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात सोवळ्याने पेटायची. शिवाशिवीचा अर्थ मनात कोसळत गेला तसतसे त्यांचे मत बदलले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

हे सगळे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आले आहे, आणि मला त्यात धर्मांतरापेक्षा त्या दोन चुलींचा काळ महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी न सांगता बाप्तिस्मा घेतला ही त्यांची मोठी चूक होती, असे मी म्हणेन. विश्वास कितीही खरा असला तरी घरच्या माणसाला अंधारात ठेवण्याचा परवाना तो देत नाही. पण पुढे तेच टिळक बायकोचे सोवळे सांभाळून राहिले. लक्ष्मीबाईंनीही नवऱ्याचा विश्वास पटत नसताना त्याच्यासोबत राहण्याचे ठरवले. दोघांची मते एक झालेली नव्हती, दुरावा मिटलेला नव्हता, आणि तरीही एकाच्या निर्णयाने दुसऱ्याचा निर्णय गिळला नाही. आदर म्हणून मी ज्या गोष्टीची मागणी करतो ती एवढीच आहे. तीत दुसऱ्याच्या देवाला नमस्कार करणे नाही आणि ‘सगळे धर्म सारखेच’ असे म्हणणे तर मुळीच नाही. धर्म बदलणाऱ्याला ते सारखे वाटले असते तर त्याने बदलला कशाला असता?

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे : टिळक विद्वान होते, पण भुकेल्याच्या आणि परावलंबी माणसाच्या निर्णयाला निर्णय कसे म्हणायचे? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरचा वाद नेमका याच मुद्द्यावर झाला. १८८९ साली मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्याला आलेल्या या विधवाश्रमात धर्म शिकवला जाणार नाही, असे आश्वासन होते. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात हे कळल्यावर ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंचे म्हणणे, माझे दार उघडे असते, मी कुणाला बोलावत नाही. एका अर्थी ते खरे होते. पण जिला दुसरा निवारा नाही त्या पंधरा वर्षांच्या विधवेसाठी बाईंचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. रानड्यांचा आक्षेप मला इथे बरोबर वाटतो. अज्ञान मुलांच्या आणि आश्रितांच्या बाबतीत कसोटी कडकच हवी. आज कुठल्याही वसतिगृहाला, मग ते चर्चचे असो, मठाचे असो की आश्रमशाळा असो, ती लागू व्हावी.

मात्र ही कसोटी प्रौढ गरिबाला लावली की तिचा अर्थ पालटतो. गरीब माणूस मत देतो, लग्न ठरवतो, शेत गहाण टाकतो, त्याचे हे सगळे व्यवहार आपण वैध मानतो. फक्त देव निवडताना तो विकला गेला असे धरतो. शिवाय अनुसूचित जातींच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुसलमानांना आजही नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती झालेल्याला इतर मागासवर्गात जागा मिळते, पण राखीव मतदारसंघ आणि अनुसूचित जातीच्या सवलती जातात. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणाने उघडपणे बाप्तिस्मा घेतला तर तो काही मिळवण्याऐवजी गमावतो. कित्येकजण कागदावर जुनाच धर्म ठेवतात याचे कारण यातच आहे, आणि मग त्यांनाच लबाड म्हटले जाते. अनुसूचित जमातींचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही, त्यामुळे गोंड-कोलामांच्या वस्त्यांत हा युक्तिवाद चालणार नाही हे मान्य. तिथे प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागेल, आणि ते तपासताना आधी धर्म बदललेल्या माणसालाच विचारावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की ज्या विश्वासात इतरांचे देव खोटे ठरतात त्याचा आदर कसा करायचा? उत्तर मुंबईच्या चौपाटीवर मिळते. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचा समुद्रकिनाऱ्यावर लोकांसमोर अनेक आठवडे वाद चालला, आणि तो छापूनही निघाला. कुणी कुणाची भीड ठेवली नाही. बुवांना ख्रिस्ती मत चुकीचे वाटत होते, म्हणून त्यांनी समोर बसून तसे म्हटले. सभा उधळली नाही. खंडन करणे हा अनादर नाही. ज्याचे म्हणणे आपण खोडण्याच्या लायकीचेही मानत नाही, त्याला आपण हसण्यावारी नेतो किंवा त्याचा पाणवठा तोडतो.

आणि हे मागणे एकट्या हिंदू समाजाकडे नाही. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंना तिथल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पुढे पत्रांतून किती झगडावे लागले ते पाहा. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, बिशप सांगेल ते सदसद्विवेकाला विचारल्याशिवाय मानणार नाही, हे बाईंनी स्पष्ट लिहिले. चर्चला आज्ञाधारक धर्मांतरित हवी होती, मिळाली ती स्वतःचे ठरवणारी बाई. टिळकांचेही तेच झाले. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनमधल्या अनेकांना ती रुचली नाही. यवतमाळात १९५३ साली सुरू झालेली आणि १९८३ साली पुण्याला हललेली युनियन बिब्लिकल सेमिनरी वेगवेगळ्या पंथांच्या पाळकांना एका वर्गात बसवत होती. पण गावोगावच्या मंडळ्यांत एका पंथाने दुसऱ्याचा बाप्तिस्मा अपुरा मानण्याची रीत अजून चालूच आहे. ज्यांना बाहेरून आदर हवा आहे, त्यांनी आपल्यातून बाहेर पडणाऱ्याला, परत जुन्या धर्मात जाणाऱ्यालासुद्धा, तो द्यायला नको का?

राहतो तो रोजचा प्रश्न. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानापेक्षा प्रसादाची आणि वर्गणीची बाब अधिक वेळा उभी राहते. कुणी ख्रिस्ती शेजारी प्रसाद नाकारतो, ते मनाला लागते, आणि लागणारच. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खावे की नाही, यावर ख्रिस्ती लोकांतच सुरुवातीपासून दोन मते आहेत. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने दोन्ही बाजूंना सांभाळून घेत त्यावर बरेच लिहिले आहे. म्हणून एका ख्रिस्ती घरात प्रसाद घेतला जातो आणि दुसऱ्यात नाही. नाकारणाऱ्याने तो हात जोडून, मूर्तीबद्दल वाकडा शब्द न काढता नाकारावा. देणाऱ्याने त्यात आपल्या देवाचा अपमान शोधू नये. वर्गणीचेही तसेच : आरतीचा वाटा त्याच्याकडून मागू नये, पण रस्त्यावरच्या दिव्यांचा आणि मंडपाशेजारच्या पाण्याच्या टाकीचा वाटा त्याने बिनतक्रार द्यावा, आणि गावात मयत झाली की त्याच्या माणसाला पुरायला जागा देताना ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने धर्माचा दाखला विचारू नये.