पेटीतला कागद

आमच्याकडं भादव्यात म्हाळ घालताना तीन पिढ्यांची नावं घेतात. बाप, आजा, पणजा. त्यापलीकडचे सगळे एकाच पानावर जेवतात. नावं ठाऊक नसली तरी त्यांना वाढायचं, एवढं आम्हांला ठाऊक. साठी ओलांडेपर्यंत मला त्याच्या पुढं जायची गरज पडली नाही. ती पडली नातवाच्या जातपडताळणीमुळं.

ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. मला शाळेत घातलं 1968 साली. बाप शाळेची पायरी कधी चढला नाही. आम्ही कुणबी आहोत हे गावच्या गडग्याला माहीत, पण गडग्याची सही कचेरीत चालत नाही. म्हणून जुनी दप्तरं बघायला लागलो. सातबारा, फेरफार, मग कोतवाल बुक. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना चौदा, गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. मी चाळली त्या पानांवर जन्मलेल्या पोराला नाव नव्हतं. बापाचं नाव, जात, आणि पुढं नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. नऊ महिने पोटात वाढवणारीचा पत्ताच नाही. मरणाच्या पानावर ताप, पटकी, देवी. एकेका घरची दोन दोन पोरं एकाच महिन्यात गेलेली. बघता बघता दुपार गेली, पण आमच्या घराची नोंद काही लागली नाही.

विलायतेत 1538 पासून प्रत्येक गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायचा हुकूम आहे, असं मी वाचलं होतं. तिथल्या शेतमजुराचा वंशजही त्या वहीत आपला खापरपणजा शोधू शकतो. आमच्या रत्नागिरीत थिबा राजा होता. 1886 साली त्याला इथं आणलं, 1916 साली तो इथंच मेला. तो राजा, म्हणून सरकारनं त्याचा खर्च, त्याची दुखणी, त्याच्या लेकींची लग्नं, सगळं लिहून ठेवलं. आमची माणसं कागदावर आली ती कधी? खोताला द्यायचं होतं तेव्हा. कोण अर्धेल, कोण तिर्धेल, कुणाकडं किती मण भात राहिलं. ज्याच्याकडून घ्यायचं त्याचं नाव लिहायचं, ही खोतीची रीत. 1937 साली बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडायचं बिल मांडलं आणि 1949 च्या कायद्यानं ती मोडली. त्यानंतर आमचं नाव मालक म्हणून कागदावर आलं.

आमच्या घरात देव्हाऱ्याखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तांबड्या फडक्यात एक स्टँपाचा कागद. मोडीत लिहिलेला, म्हणून कुणाला वाचता येत नाही. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. आजी सांगायची, "पणज्यानं कुऱ्हाडीनं रान तोडलान, तवा पऱ्याकाठची खाचरं झाली. त्येची ही सनद हाय." कचेरीत कुणीतरी म्हणालं, जुना कागद कसलाही असो, आणा. मी तो घेऊन रत्नागिरीत मोडी वाचणाऱ्याकडं गेलो.

त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला. पणजाच्या नावापुढं 'बिन' आणि त्याच्या बापाचं नाव, मग जात कुणबी. नातवाला हवं होतं ते मिळालं. माझा जीव भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "पण बाबा, ही सनद नाही. ही कबुलायत आहे."

पणजाचा चुलतभाऊ तरणा मेला होता. त्याची विधवा दोन पोरं घेऊन मुंबईला गिरणीकडं निघाली. पऱ्याकाठची खाचरं तिच्या नवऱ्याच्या वहिवाटीची. पोरं जाणती होईपर्यंत ती आपण करू, खोताचं देणं भागवू, आणि पोरं आली की निम्मी परत देऊ, असं पणजानं लिहून अंगठा दिला होता. कागदाच्या दोन प्रती, एक तिच्याकडं. तिचं नाव 'कोम' लावून स्वच्छ लिहिलेलं. आख्ख्या दप्तरात मला बाईचं नाव सापडलं ते एवढं एकच. ते मी इथं देत नाही. ते द्यायचा हक्क तिच्या माणसांचा.

घरी आल्यावर दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पोरांनी परत येऊन मागलान नसंल. नायतर पणजानं पैसं दिलं असतील. तुला काय म्हाईत? सातबारा आपला हाय. आता कशाला खाजवून खरूज काढतोस?"

दादाचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. कायद्यात बारा वर्षांनी ताब्याचा दावा मरतो, इथं तर चार पिढ्या गेल्या. बापानं आणि आम्ही त्या खाचरांत कंबर मोडेपर्यंत लावणी केली. दर पावसात फुटलेले बांध आम्ही घातले. आणि पणजानं केलं त्याचा दोष आमच्यावर कसा? मी दोष मानत नाहीच. पण एक गोष्ट मला सुटेना. कचेरीत हा कागद ठेवून मी सांगणार की हा माझा पणजा, ह्याचं रक्त माझ्यात, म्हणून ह्याच्या जातीची सवलत माझ्या नातवाला द्या. मग त्याच कागदावर, त्याच अंगठ्यानं त्यानं जो शब्द दिला, तो मात्र माझा नाही असं कसं म्हणू? वरच्या दोन ओळी खऱ्या आणि खालच्या दहा जुन्या झाल्या, असं नसतं. पणजा घ्यायचा तर आख्खा घ्यावा लागतो.

गावच्या मुंबई मंडळाकडून पत्ता काढला. त्या बाईचा पणतू दिव्याला राहतो. 1982 च्या संपात बापाची गिरणी सुटली, चाळीतली खोली विकली, तेव्हापासून गावाशी येणंजाणं तुटलं. शिमग्याला या म्हटलं. आला. पालखी नाचवून झाल्यावर मी त्याला पऱ्याकाठी नेलं आणि सगळं सांगितलं. पाय कापत होते, खोटं कशाला सांगू?

तो बांधावर उभा राहून खाचरांकडं बघत राहिला. जमिनीबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "काका, त्या कागदाची झेरॉक्स मिळंल काय? माझ्या पोरीचं पण पडताळणीवर अडलंय. आमच्याकडं गावचा कसलाच पुरावा नाय." त्यांच्याकडची प्रत कुठल्याशा पावसात गेली असणार.

झेरॉक्स माझ्या खिशातच होती. तरी हात लगेच पुढं झाला नाही, हे मी इथं कबूल करतो. तो कागद दिला म्हणजे आमच्याविरुद्धचा पुरावा मीच दिला. पण तोच कागद त्या पोरीच्या शिक्षणाचा होता, आणि तिच्या खापरपणजीचं नाव त्याच्यावर होतं. माझा त्याच्यावर जेवढा हक्क, तेवढाच तिचा. दिला.

माझ्या नातवाचं काम झालं, तिचंही झालं. खाचरांचं अजून झालेलं नाही. माझ्या वाट्यातलं निम्मं भात मी दोन वर्षं दिव्याला पाठवतो. दादाची सही होत नाही, आणि सहीवाचून सातबारा हलत नाही. मी त्याच्याशी भांडत नाही. त्याला दोन मुलगे आहेत आणि त्यांना दुसरी जमीन नाही.

गेल्या म्हाळाला तीन नावं घेतल्यावर मी चौथं नाव घेतलं, त्या बाईचं. दादा शेजारीच बसला होता. त्यानं वर बघितलं, काही बोलला नाही. मग परातीतला भात पुढं ओढून त्यानं एक पान जास्तीचं वाढलं.