मोहोर फोडण्याचा अधिकार

जुन्या नाण्यांच्या संग्राहकांत एक प्रश्न वारंवार निघतो. परीक्षण-संस्थेने प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद केलेले नाणे ओरखडा न पडता बाहेर कसे काढावे? प्रश्न वरवर हस्तकौशल्याचा दिसतो. पण कसे काढावे हे सांगणे सोपे असून, काढल्यावर आपण कोणाचे काय देणे लागतो हे सांगणे अवघड आहे, असे आम्हांस वाटते.

ही पेटी मूळची अमेरिकेतली. विल्यम शेल्डन याने १९४९ साली तेथील तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणश्रेणी मांडली. (याच गृहस्थाने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी आपले हलके सेंट ठेवल्याचे त्याच्या निधनानंतर उघडकीस आले. परीक्षकाच्या गुणांची श्रेणी लावणारा कोणी नव्हता.) विकणारा आपल्या नाण्यास नेहमी अधिकच गुण देणार; म्हणून १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या संस्था त्रयस्थ म्हणून नाणी पारखू लागल्या. नाणे अस्सल आहे काय, झीज किती, कोणी ते घासून उजळले आहे काय, हे चिठ्ठीवर नोंदवून चिठ्ठी व नाणे एकाच पेटीत ठेवतात आणि पेटीच्या दोन्ही बाजू ध्वनिलहरींच्या साहाय्याने सांधतात.

पेटी उघडायची तर ती जाड टॉवेलात गुंडाळावी, डोळ्यांवर चष्मा चढवावा आणि नाण्यापासून दूर, चिठ्ठीच्या बाजूच्या कोपऱ्यावर, तार कापण्याच्या पक्कडीने हळूहळू दाब द्यावा. हातोडा व तापविलेली सुरी यांचा मोह टाळावा. नाणे केवळ कडेस धरावे आणि पुढे पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नये, कारण त्याने धातूवर हिरवट थर येतो. एवढे पाळले म्हणजे नाण्यास सहसा इजा होत नाही.

इजा होते ती साक्षीस. नाणे मालकाचे, पेटीही मालकाची. ती फोडण्यास कायद्याची आडकाठी नाही. ज्यास नाण्याची कड न्याहाळायची आहे, वा ते आपल्या इतर नाण्यांच्या पंक्तीस बसवायचे आहे, त्याने ती खुशाल फोडावी. परंतु काहीजण अधिक गुणांच्या आशेने तेच नाणे पुनःपुन्हा परीक्षेस धाडतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११व्या कलमातील प्राङ्न्यायाचे तत्त्व येथे लागू नाही. प्रतिकूल निर्णय पेटीबरोबर केरात जातो व अनुकूल तेवढा उरतो. शिवाय एकच नाणे संस्थेच्या गणनेत दोनतीनदा मोजले जाते. आम्ही यास पाप म्हणणार नाही, हाव म्हणू.

याहून वाईट प्रकार निराळा. चिठ्ठीवर ‘घासलेले’ असा शेरा असलेले नाणे पेटीतून सोडवून, जणू त्याची परीक्षाच झाली नाही अशा थाटात विकणे. वकील म्हणेल, १८७२च्या करार कायद्याच्या १७व्या कलमाखाली नुसते मौन ही फसवणूक नव्हे. बोलणे कर्तव्य असेल तरच मौन दोषास्पद. खरे आहे. पण येथे विकणारा नुसता गप्प राहिलेला नाही. त्याने बोलणाऱ्या साक्षीदारास आधी स्वहस्ते नाहीसे केले आहे, आणि मग तो मौनाचा आसरा घेतो. आमच्या दृष्टीने त्याचे बोलण्याचे कर्तव्य पक्कड हाती घेतली त्याच क्षणी जन्मास आले.

गोव्यातील एखाद्या घरी पोर्तुगीज राजा लुईश याच्या नावाची १८८२ सालची चांदीची रुपिया परदेशातून अशा पेटीत येऊन पडली असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरील नाणे खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. म्हणजे येथे फोडलेली पेटी पुन्हा सांधून आणण्यासाठी ते नाणे अमेरिकेस धाडण्याचा मार्ग बंद. फोडणाऱ्याने ती चिठ्ठी, शेरा कसाही असो, नाण्याबरोबरच ठेवावी आणि विकताना गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी.