गहाण ठेवलेले पांघरूण



'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' अशी आपली एक जुनी म्हण आहे. थकलेल्या माणसाला गादी लागत नाही, हा तिचा अर्थ. याकोबाने तर बेथेल येथे खरोखरच धोंडा उशाला घेतला आणि त्याच झोपेत त्याला स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली (उत्पत्ती २८). म्हण खोटी नाही. पण ती बहुधा गादीवर झोपणारेच म्हणतात.

आपले सोलापूर म्हणजे दूरदूरच्या घरांना पांघरूण पुरवणारे गाव. परंतु ही चादर विणणारे यंत्रमाग रात्रपाळीतही खडखडत असतात. सकाळी घरी परतलेल्या कामगाराने झोपायचे कधी? बाहेर चाळीस अंशांचे ऊन, वर तापलेला पत्रा आणि त्याच खोलीत मुलांचा अभ्यास व स्वयंपाक. विडी वळणाऱ्या भगिनीची मजुरी हजार विड्यांवर ठरते; हजार पुऱ्या झाल्याशिवाय तिचा दिवस संपत नाही. त्यात गेली अनेक वर्षे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे. पाण्याची पाळी अवेळी आली की हंडे-कळशा घेऊन कोण उठते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

डॉक्टर सांगतात की मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला उसंत मिळते. झोप सतत अपुरी राहिली तर रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. म्हणून 'वेळेवर झोपा' हा सल्ला योग्यच आहे. पण ज्याची झोप त्याच्या हातात आहे, त्यालाच तो उपयोगी पडतो. मग प्रश्न उरतो तो असा, की झोप ही ज्याची त्याची खासगी बाब आहे का?

पवित्र शास्त्र तसे मानत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे (निर्गम २२:२६-२७). शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्य मावळण्यापूर्वी त्याला परत करावे. कारण त्याच्यापाशी अंगावर घ्यायला तेवढेच आहे. मग तो कशात निजणार, असे देव स्वतः विचारतो. येथे सावकार लबाड आहे असे म्हटलेले नाही. कर्ज खरे आहे, वसुलीचा हक्कही खरा आहे. पण रात्र सावकाराची नाही.

हे तत्त्व आपल्या महाराष्ट्रात गिरण्यांच्या दारापर्यंत नेले ते एका सत्यशोधकाने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि पुढे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण निवांतपणे मिस्सेला येतो, त्यात या माणसाचाही वाटा आहे. आपल्या प्रवचनांतून त्याचे नाव क्वचितच ऐकू येते. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात लिहिले की देहाला व आत्म्याला पुरेशी विश्रांती ही अट कामाच्या प्रत्येक करारात असतेच, मग ती बोललेली असो वा नसो. याविरुद्धचा करार न्यायाला धरून होत नाही. 'तोच जादा पाळी मागतो, आम्ही कुठे जबरदस्ती केली?' हे उत्तर येथे अपुरे पडते.

अर्थात रात्री कोणीच जागू नये, असे नाही. इस्पितळातील परिचारिका, रेल्वेचा सिग्नलवाला, पोलीस जागतात म्हणून आपण झोपतो. अशा शेजाऱ्याच्या दारात दुपारी हॉर्न न वाजवणे एवढे तरी आपल्या हाती आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, काही ठराविक दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. दुसऱ्यांच्या मिरवणुकांबद्दल आपण हे आवर्जून बोलतो. आपल्या लग्नाच्या मांडवात मात्र साडेअकरा वाजले तरी 'अजून एक गाणे' चालते, आणि पलीकडच्या घरात कोणाची तरी सकाळची पाळी असते.

आणि स्वतःच्या घरात? सर्वांत शेवटी कोण निजते व सर्वांत आधी कोण उठते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. रविवारी प्रवचन चालू असताना अशाच एखाद्या माउलीचा डोळा लागतो आणि मागच्या बाकावर खसखस पिकते. त्रोवस येथे पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०). पौल बोलणे थांबवून खाली उतरला आणि त्याने त्याला कवटाळले. 'प्रवचनात झोपतोस?' असे तो म्हणाल्याची नोंद नाही.