एकट्याने खाण्याची खोड

गोदावरीच्या बेटावर शुक्राचार्यांचे देवालय असल्यामुळे कोपरगावात कच-देवयानीची कथा ही परक्या पुराणातली न राहता गावच्याच दप्तरातली होऊन बसली आहे. असुरांनी कचाला जाळून त्याची राख मद्यात मिसळून त्याच्या गुरूला, शुक्राचार्यांनाच, पाजली आणि त्यांची कन्या देवयानी हिच्या हट्टास्तव गुरूने मृताला उठविणारा संजीवनी मंत्र म्हणून हाक मारताच शिष्याने गुरूच्या पोटातूनच ओ दिली, येथवर कथा आली की ऐकणाऱ्या पोरांना हसू आवरत नाही, आणि खरे म्हणजे ते आवरण्याचे कारणही नाही. शिष्य बाहेर यावा तर गुरूचे उदर फाटणार, आणि गुरू वाचावा तर पोटात बसलेल्या त्या शिष्यालाच संजीवनी पढवावी लागणार, असा पेच ज्या व्यासांनी रचला त्यांना मृत्यूचे आणि विद्येचे गांभीर्य ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

तरीही पोथीपुढे बसून हसणे म्हणजे अधर्म, ही समजूत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. समर्थांनी विनोदाची आवड टवाळांच्या खाती जमा केली, हा तिचा नेहमीचा दाखला. परंतु भरतमुनींनी हास्याला रसांच्या पंक्तीत बसवून स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याचे सहा भेद केले, आणि याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, पैठणास, एकनाथांनी भारुडांत विंचू चावलेल्यापासून वेड्या-वासुदेवापर्यंत सगळ्यांच्या तोंडून वेदान्त वदविला, हे दाखले मात्र सोयीस्करपणे तहकूब ठेवले जातात.

यांहून जवळचा दाखला कोपरगावापासून सुमारे 15 किलोमीटरवरचा आहे. शिर्डीच्या जुन्या यात्रेकरूंना आगगाडीतून कोपरगावासच उतरून टांगा करावा लागे; त्या यात्रेकरूंपैकीच एक गोविंद रघुनाथ दाभोलकर, ज्यांना साईबाबांनी हेमाडपंत हे नाव दिले. वांद्र्यास मॅजिस्ट्रेटचे काम केलेला हा गृहस्थ ‘श्रीसाईसच्चरित’ या आपल्या ओवीबद्ध ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात स्वतःवरच चाललेल्या एका खटल्याची हकिकत सांगतो. रविवार, शिर्डीच्या बाजाराचा दिवस, मशिदीत दाटी, हेमाडपंत बाबांचे पाय चुरीत बसलेले. इतक्यात बाबांचा भक्त शामा हसून म्हणतो की तुमच्या कोटाच्या बाहीला हे चणे कसले? हात लांब करताच दाणे घरंगळतात, जमलेले लोक ते वेचतात, आणि मुद्देमाल असा भर दरबारात सापडल्यावर बाबा फिर्याद मांडतात की याला एकट्याने खाण्याची खोड आहे, आज बाजाराचे चणे खात हा येथे येऊन बसला. मग जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या ऐकलेला हा माणूस आपली कैफियत काकुळतीने देऊ लागतो: मी बाजार पाहिलाही नाही, मग चणे घेणार कोठून, आणि जवळच्याला दिल्यावाचून मी कधी काही तोंडात घालीत नाही. त्यावर बाबा विचारतात की जवळ कोणी असेल तेव्हा देशील, पण नसेल तेव्हा काय? मी तर जवळच असतो. माझी आठवण होते का?

येथे हसू ओसरते. ओसरते म्हणण्यापेक्षा आत उतरते. विषय भोगण्यापूर्वी देवाचे स्मरण, हा उपदेश कोरडा सांगितला असता तर त्या दाटीत कितीजणांच्या कानांत शिरला असता, याची मला शंका आहे. हेमाडपंतांनी स्वतःची ही फजिती लपविली नाही, उलट तिला अध्याय दिला, आणि पुढे सांदीपनींच्या आश्रमात एकट्यानेच चणे खाऊन वर दात थंडीने वाजताहेत अशी थाप मारणाऱ्या सुदाम्याची गोष्टही जोडली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी मराठी विनोदाच्या आद्य ग्रंथाचे नाव ‘सुदाम्याचे पोहे’ ठेवले, तेव्हा सुदाम्याला न्याय मिळाला असे मला उगाचच वाटते.

आता हसण्याने आरोग्य लाभते का, हा प्रश्न. नॉर्मन कझिन्स हे अमेरिकी संपादक 1964 मध्ये सांध्यांच्या दारुण व्याधीने अंथरुणाला खिळले असता विनोदी चित्रपट पाहत आणि परिचारिकेकडून विनोदी पुस्तके वाचवून घेत. दहा मिनिटांच्या खळखळून हसण्याने दोन तास वेदनारहित झोप मिळे, असे त्यांनी 1976 मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. ते त्याच काळात ‘क’ जीवनसत्त्वही भरपूर घेत असल्यामुळे सारे श्रेय हास्याच्या पदरी टाकणे वैद्यकाला मानवणार नाही. हास्य ही संजीवनी नव्हे. मात्र मानसशास्त्रज्ञ डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, चारचौघांत मनमोकळे हसल्यावर माणसांची वेदना सोसण्याची शक्ती वाढलेली आढळली. आणि हास्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो.

म्हणजे हसण्यालाही एकट्याने खाण्याचे वावडे आहे. चिमणरावाची एखादी फजिती वाचताना हसू फुटले की आपण पुस्तकावरून मान वर करून स्वयंपाकघराकडे हाक मारतो, ‘अहो, हे ऐकलंत का?’ ही हाक मला आरोग्याच्या दृष्टीनेही आणि धर्माच्या दृष्टीनेही त्या हसण्याहून मोलाची वाटते, कारण हाती आलेले सुख दुसऱ्याला दिल्यावाचून राहवत नाही, याचीच ती कबुली असते. ज्या हसण्यात अशी वाटणी नसून कोणाची तरी निंदाच असते, ते खुशाल टवाळाच्या खात्यावर जावे. समर्थांचा निवाडा तेवढ्यापुरता मान्य आहे.

तेव्हा कोपरगावच्या घरोघरी साईसच्चरिताचे सप्ताह बसतील, त्यांत चोविसावा अध्याय खालच्या सुरात उरकून न टाकता घरच्यांना, शेजाऱ्यांना जवळ बोलावून मोठ्याने वाचावा, आणि चणे घरंगळले की हसू द्यावे. पारायण त्याने भंगत नाही. पुढचे एकोणतीस अध्याय वाचावयाचे राहिलेलेच असतात.