मीठ

रत्नागिरीजवळच्या एका वाडीत चौदा वर्षांची एक मुलगी राहत होती. मे महिन्यात घरी पाहुणे आले तेव्हा तिने पन्हं केलं. साखर समजून मीठ घातलं, तेही वाटीभर. पहिल्याच घोटाला काकांचं तोंड वेडंवाकडं झालं. कुणी काही बोललं नाही. आजी तेवढी म्हणाली, "एवढी घोडी झालीस!"

तेव्हापासून अंगणात चप्पल वाजली की मुलगी माळ्यावर जायची. तिथे आंब्याची अढी घातलेली होती. पेंढ्याची ऊब, पिकत्या हापूसचा वास आणि कौलांच्या फटीतून उजेडाची एक तिरीप.

आजोबा दर शनिवारी रत्नागिरीत जात. तिथलं नगर वाचनालय १८२८ सालचं, आजोबा त्याचे जुने वर्गणीदार. त्या शनिवारी त्यांनी शान्ता शेळक्यांची 'चौघीजणी' आणली आणि काही न बोलता माळ्याच्या शिडीवर ठेवली.

मूळ गोष्ट लुइझा मे अल्कॉट यांची, १८६८ सालची, अमेरिकेतली. मुलीला त्याचं काय! तिला भेटली पंधरा वर्षांची जो. पोरांसारख्या शिट्ट्या मारणारी, माळ्यावर सफरचंदं खात वाचत बसणारी, बहिणीचे केस कुरळे करायला जाऊन जाळून टाकणारी. आणि लोकांना जेवायला बोलावून स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ पेरणारी!

माळ्यावरून असं हसू फुटलं की आजी शिडीखाली आली.

"आजी, हिनंसुद्धा मीठ घातलं!"

"कुणी गं?"

मुलीने ते पान मोठ्याने वाचलं. आजीने स्ट्रॉबेरी कधी पाहिली नव्हती, ती करवंदं धरून चालली. जो लालबुंद होते, रडू अगदी ओठांवर येतं, तेवढ्यात शेजारच्या पोराचे मिश्कील डोळे दिसतात आणि ती स्वतःच हसत सुटते. आजीने तोंडाला पदर लावला.

"माझ्या पहिल्या गणपतीत," ती हळूच म्हणाली, "मी मोदकाच्या सारणात वेलची समजून मिरपूड घातली."

"मग?"

"गणपती काही बोलला नाही. मामंजी मात्र ठसकले."

पन्नास वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याआधी चुकलेलं माणूस त्याच घरात होतं, पण मुलीला ते सापडलं सातासमुद्रापलीकडच्या एका पोरीमुळे.

पंधरा दिवसांनी काका पुन्हा आले. मुलीने पन्हं केलं. डब्यातली चिमूट आधी जिभेवर ठेवून पाहिली. काकांनी पेला घेतला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"घ्या, आज मीठ बेताचंच आहे," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी हसली.