दोन नाणी आणि एक रात्र



मागच्या पावसाळ्यात एका रविवारी रुळांवर पाणी भरून लोकल बंद पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी चर्चच्या पायरीशी माझी वाट पाहत उभ्या होत्या. मुंबईतील एका हॉस्पिटलात त्या गेली वीस-बावीस वर्षे नर्स आहेत. "फादर, कालची मिस्सा चुकली," त्या खाली मान घालून म्हणाल्या. शनिवारची नाइट ड्युटी संपवून त्या थेट चर्चला येणार होत्या. पण त्यांना सोडवायला येणारी सिस्टर गाडीत अडकली. वॉर्ड पेशंटने भरलेला. चार्ज कोणाकडे देऊन निघणार? त्यांनी सकाळची ड्युटी केली आणि दुपारचीही केली.

मी त्यांना सांगितले, "तुमचे काहीच चुकले नाही. आजाऱ्याला सोडता येत नसेल, तर मिस्साला न येणे हे पाप नाही. आजाऱ्याच्या हाकेसाठी प्रार्थना सोडून जाणे म्हणजे देवाला सोडून देवाकडेच जाणे, असे संत विन्सेंट डी पॉल आपल्या धर्मभगिनींना शिकवीत असत." त्यांना बरे वाटले. मग मी विचारले, "इतकी वर्षे हे काम करण्याचे बळ तुम्हाला कुठून मिळते?"

माझी अपेक्षा होती की त्या प्रभूच्या प्रेमाविषयी काही बोलतील. त्या हसल्या. "फादर, तेवढा विचार करायला वेळ कुठे असतो? पेशंटची चादर ओली झालेली असते. ती बदलायची असते, म्हणून बदलायची." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नका. तुम्ही प्रवचनात आमच्या कामाला सेवा म्हणता, ते ऐकायला बरे वाटते. पण सेवा म्हटले की लोक आमचा पगार विसरतात."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्यांची परवानगी घेऊनच आज ते तुमच्यापुढे ठेवतो.

१४ जुलैला आपण परिचारिकांचे आश्रयदाते संत कामिलस यांचा सण साजरा करतो. इटलीत १५५० साली जन्मलेला हा माणूस सैनिक होता, जुगारी होता. पायाची जखम बरी होईना, म्हणून तो रोमच्या एका हॉस्पिटलात आला आणि उपचार घेता घेता तिथेच नोकर म्हणून राबू लागला. भांडणे आणि जुगार यांमुळे त्याला काढूनही टाकण्यात आले. १५७५ साली त्याचे मनपरिवर्तन झाले. तो त्याच हॉस्पिटलात परतला आणि पुढे त्याने आजाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी एक धर्मसंघ स्थापन केला. सुरुवात पाहा. तो पहिल्यांदा रुग्णाच्या खाटेजवळ आला, तो काही पुण्य मिळवायला नव्हे, स्वतःचा पाय बरा करायला!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एका प्रश्नावर तासन्‌तास वाद घालत असू. चांगले कृत्य चांगले कशामुळे ठरते, मनातल्या हेतूमुळे की हातून घडलेल्या कामामुळे? ॲरिस्टॉटल म्हणतो की न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो. त्या वेळी मला ते पटले नव्हते. आधी प्रेम आणि मग कृती, असे मी मानत होतो. आज वाटते की पुष्कळदा हात आधी शिकतात आणि हृदय मागून येते. कोणी घर चालवायला नर्स होते, कोणी आईवडिलांनी सांगितले म्हणून. रोज कोणाची तरी पाठ पुसता पुसता, भरवता भरवता एक दिवस तो परका माणूस आपला होऊन जातो. देवाची कृपा अशीही काम करते.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली त्याच हॉस्पिटलात भयंकर हल्ला झाला. त्या पुन्हा कधीच उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे. त्या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. त्यांना चालत्याबोलत्या अरुणाताई कधी भेटल्याही नसतील, अशा मुलींनी त्यांना आंघोळ घातली, भरवले, कुशीवर वळवले. सर्वोच्च न्यायालयापुढे जेव्हा त्यांच्या दयामरणाचा प्रश्न आला, तेव्हा एक गोष्ट नोंदली गेली: इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगाला एकही शय्याव्रण झालेला नव्हता. शय्याव्रण होऊ द्यायचा नसेल तर पेशंटला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते. दिवसा, रात्री, सणावारीही. एकही फोटो न काढता, एकही टाळी न मिळता हे ४२ वर्षे चालले. प्रेम म्हणजे काय, हे मला कुणी विचारले तर मी हे उदाहरण देईन.

मग सेवा म्हणायचे की नाही? याचे उत्तर मला संत लूकच्या शुभवर्तमानात मिळाले. दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर त्याची काळजी घेतली. पण दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जावे लागले. त्यानंतर त्या जखमी माणसाजवळ कोण बसले? पाणी कोणी पाजले, पट्टी कोणी बदलली? उतारशाळेच्या मालकाने. त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, आणि आपण प्रवचनकार त्याच्याविषयी क्वचितच बोलतो. मला तो बायबलमधला नर्स वाटतो.

आणि शोमरोनी त्याला काय म्हणाला? 'तू मोठे पुण्याचे काम करीत आहेस, देव तुझे भले करो', असे म्हणून तो निघून गेला नाही. त्याने दोन नाणी काढून दिली. एक नाणे म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शिवाय जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन, असेही सांगितले. प्रभू येशूने सांगितलेल्या दयेच्या गोष्टीत मजुरीचा हिशेब आहे! ज्याच्या हृदयात दया आहे, तो दुसऱ्याच्या कष्टाचे मोल बुडवीत नाही.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, पन्नासहून कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी शिफारस केली. आपल्यापैकी कोणाचे नर्सिंग होम असेल, कोणी एखाद्या हॉस्पिटलच्या कमिटीवर असेल, कोणी घरी आजारी आईसाठी बाई ठेवली असेल, तर त्यांनी आज रात्री प्रार्थनेआधी हा हिशेब तपासावा.

बाकीच्यांसाठी तीन साध्या गोष्टी. हॉस्पिटलात गेलात तर सिस्टरला आवाज चढवून बोलू नका, तिचे नाव विचारून घ्या. आपली सून किंवा मुलगी नाइट करून आली असेल तर तिला झोपू द्या, त्या दिवशीची भाकरी दुसऱ्या कोणी तरी थापावी. आणि रविवारी बाकावर एखादी जागा रिकामी दिसली, तर कुजबुजू नका. कदाचित ती त्या वेळी प्रभूचीच चादर बदलत असेल.

हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्या परिचारिकांच्या हातांना बळ दे, त्यांच्या पायांना विसावा दे, आणि त्यांचे देणे चुकते करण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू